डोळ्याची साक्ष, यंत्राची साक्ष : वेगमर्यादा, स्पीडोमीटर आणि स्पीड कॅमेरा यांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वेगमर्यादेचा भंग हा गुन्हा इतर बहुतेक गुन्ह्यांहून एका बाबतीत वेगळा आहे. चोरी झाली तर रिकामी तिजोरी मागे राहते, अपघात झाला तर मोडलेले वाहन रस्त्यावर पडून राहते. परंतु ताशी साठ किलोमीटरऐवजी पंचाहत्तर किलोमीटर वेगाने निघून गेलेले वाहन मागे कोणतीही खूण ठेवीत नाही. वेग हा घडत असतानाच मोजावा लागतो. तो मोजला गेला नाही तर पुरावा उरत नाही आणि पुरावा नसेल तर कायदा कागदावरच राहतो. त्यामुळे वेगमर्यादेचा इतिहास हा केवळ ताशी किती मैल वा किती किलोमीटर, अशा बदलत्या आकड्यांचा इतिहास नाही. वेग कोणी मोजला, कशाने मोजला आणि त्या मोजमापावर न्यायालयाने कितपत विश्वास ठेवला, याचाही तो इतिहास आहे.

प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा प्रामुख्याने ब्रिटनच्या संदर्भात घेतला आहे. त्याचे कारण असे की, वेगाच्या पुराव्याविषयीचे एक महत्त्वाचे तत्त्व तेथे १९०३ साली कायद्यात आले आणि तेच तत्त्व भारताच्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये आजही आढळते. 'एका साक्षीदाराच्या केवळ मतावर वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल कोणालाही दोषी ठरवू नये' हे ते तत्त्व होय. मानवी डोळ्यावरील या अविश्वासातून वेगमापक यंत्रे पुढे आली. मात्र यंत्र आले म्हणून अविश्वासाचे कारण संपले नाही. ते डोळ्याकडून यंत्राकडे सरकले, असे या इतिहासावरून दिसून येते.

घड्याळापूर्वीचा काळ : मताचा पुरावा

ब्रिटनमधील १८६५ च्या लोकोमोटिव्ह कायद्याने यांत्रिक वाहनांना गावाबाहेर ताशी ४ मैल आणि वस्तीत ताशी २ मैल अशी मर्यादा घातली होती. वाहनाच्या पुढे लाल निशाण घेऊन एका माणसाने चालावे, अशीही अट होती. हा कायदा मुळात वाफेच्या अवजड इंजिनांसाठी होता. माणसाच्या चालण्याएवढी मर्यादा असल्याने ती मोजण्यास वेगळ्या साधनाची गरज नव्हती. पुढे चालणारा माणूस हाच वेगाचे माप होता. १८७८ च्या दुरुस्तीने लाल निशाणाची सक्ती शिथिल झाली, तरी वेगाची मर्यादा कायम राहिली.

पेट्रोलवर चालणारी मोटार आल्यावर हे माप अपुरे पडले. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यातील पॅडक वुड येथे वॉल्टर अर्नोल्ड याने ताशी सुमारे ८ मैल वेगाने मोटार हाकली. तेथील शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठले. मर्यादेच्या चौपट वेगाबद्दल त्याला एक शिलिंग दंड झाला. वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल मोटारचालकाला झालेली ही पहिली शिक्षा म्हणून सांगितली जाते. येथे वेगाचे माप होते ते पाठलाग करणाऱ्याच्या सायकलीचे आणि त्याच्या अंदाजाचे.

अंदाजाच्या पुराव्याची मर्यादा त्याच वर्षी अधिक गंभीर रीतीने समोर आली. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनमधील क्रिस्टल पॅलेस येथे ब्रिजेट ड्रिस्कॉल ही महिला मोटारीखाली सापडून मरण पावली. पेट्रोल मोटारीच्या धडकेने मृत्यू पावलेली ब्रिटनमधील पहिली पादचारी म्हणून तिची नोंद आहे. मृत्यूच्या चौकशीत मोटारीचा वेग हाच कळीचा प्रश्न ठरला. आपण ताशी ४ मैलांच्या आसपास वेगाने जात होतो, असे चालकाचे म्हणणे होते. तर मोटार बेफाम वेगाने आली, असे प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचे म्हणणे होते. दोन्ही विधाने डोळ्यांवर आणि स्मरणावर आधारलेली होती. त्यांच्यातील खरे-खोटे ठरविण्याचे कोणतेही साधन उपलब्ध नव्हते. अखेर ज्यूरीने अपघाती मृत्यूचा निर्णय दिला. एका जिवाच्या मोलाचा प्रश्न दोन अंदाजांमध्ये अडकून पडला, हे या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

स्टॉपवॉच आणि कुंपणाआडचा शिपाई

१८९६ च्या कायद्याने मोटारींची मर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढविली. तीही स्थानिक प्रशासनविषयक मंडळाने १२ मैलांवर आणली. त्यानंतर १९०३ च्या मोटारकार कायद्याने ती ताशी २० मैल केली. या कायद्यातील दोन तरतुदी पुढील काळाच्या दृष्टीने फार महत्त्वाच्या ठरल्या. पहिली म्हणजे प्रत्येक मोटारीला नोंदणी क्रमांक असणे बंधनकारक झाले. वेगाने निघून गेलेले वाहन नंतर ओळखता येणे त्यामुळे शक्य झाले आणि आजच्या कॅमेऱ्याचा पायाही येथेच घातला गेला. दुसरी तरतूद पुराव्याविषयी होती. ताशी २० मैलांची मर्यादा ओलांडल्याबद्दल केवळ एका साक्षीदाराच्या मतावर कोणास दोषी ठरविता येणार नाही, असे कायद्याने स्पष्ट केले.

या दुसऱ्या तरतुदीमुळे पोलिसांना मोजमापाकडे वळावे लागले. रस्त्याचा ठराविक अंतराचा तुकडा मोजून त्याच्या दोन टोकांना शिपाई उभे केले जात. मोटार पहिल्या टोकावरून गेली की खूण होई, स्टॉपवॉच सुरू होई आणि दुसऱ्या टोकावर ते थांबविले जाई. लंडन ते ब्रायटन रस्ता अशा सापळ्यांसाठी विशेष गाजला. शिपाई पुष्कळदा कुंपणाआड लपलेले असत, हा मोटारचालकांच्या संतापाचा विषय होता.

या पद्धतीतील गणित सोपे आहे. पण चुकीला जागा किती आहे, हे त्याच गणितावरून कळते. उदाहरणादाखल एक फर्लांग, म्हणजे मैलाचा आठवा भाग, एवढे अंतर घेतले तर ताशी २० मैल वेगाने ते कापण्यास २२.५ सेकंद लागतात. खूण दिसणे आणि घड्याळाची कळ दाबणे यांत केवळ एका सेकंदाची गफलत होऊन २१.५ सेकंद नोंदले गेले, तर वेग ताशी जवळजवळ २१ मैल भरतो. म्हणजे मर्यादेत राहून गाडी चालविणारा मनुष्य शिपायाच्या बोटाच्या घाईमुळे दोषी ठरू शकतो. अंतर जितके कमी, तितकी ही चूक मोठी.

या सापळ्यांची सूचना चालकांना देण्यासाठी १९०५ मध्ये ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिचे सायकलस्वार रस्त्यावर फिरून सभासदांना सावध करीत. हे कृत्य पोलिसांच्या कामात अडथळा ठरते काय, हा प्रश्न न्यायालयापुढे आला. १९०७ च्या बास्टेबल विरुद्ध लिटल खटल्यात, चालक मर्यादा ओलांडत होते असा पुरावा नसल्याने अडथळा सिद्ध झाला नाही. १९१० च्या बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स खटल्यात मात्र चालक प्रत्यक्ष मर्यादा ओलांडत असताना त्यांना सावध करणे हा अडथळाच होय, असा निर्णय झाला. त्यानंतर संस्थेने वेगळी युक्ती काढली. तिचा सेवक सभासदाच्या गाडीला नेहमी सलाम करी. त्याने सलाम केला नाही तर थांबून कारण विचारावे, असा संकेत रूढ झाला. न केलेल्या सलामाबद्दल खटला भरणे कोणालाही शक्य नव्हते. पुढे कॅमेऱ्यांच्या काळात चालणाऱ्या लपंडावाची ही पहिली आवृत्ती म्हणता येईल.

मर्यादा आधी, मापक नंतर

या काळातील एक विसंगती सहसा लक्षात घेतली जात नाही. मर्यादा पाळण्याचे बंधन चालकावर होते. पण आपला वेग किती, हे दाखविणारे उपकरण गाडीत असलेच पाहिजे, असे बंधन नव्हते. जर्मन अभियंता ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये आवर्ती विद्युतप्रवाहांच्या तत्त्वावरील स्पीडोमीटरचे पेटंट घेतले. गाडीच्या फिरत्या भागाला जोडलेली लवचीक तार एका चुंबकाला फिरविते. त्या चुंबकाभोवती धातूची वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या दिशेने ओढतात. स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोन ओढींचा जेथे मेळ बसतो, तेथे काटा स्थिरावतो. ही रचना इतकी सुटसुटीत होती की विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगभरातील बहुसंख्य वाहनांत तिचाच वापर होत राहिला.

साधन उपलब्ध असले तरी ते सक्तीचे होण्यास बराच काळ लागला. दरम्यान १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने मोटारींवरील वेगमर्यादाच रद्द केली. कारण ती कोणी पाळत नाही, असे मानले जात होते. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षीच्या कायद्याने वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा घालण्यात आली व ती मार्च १९३५ पासून लागू झाली. नव्या वाहनांना स्पीडोमीटर बसविणे बंधनकारक झाले ते १९३७ मध्ये. म्हणजे १८९६ पासूनचा विचार केल्यास चाळीसहून अधिक वर्षे बंधन आणि बंधन पाळण्याचे साधन यांची फारकत होती. वजने-मापे उपलब्ध करून न देता कमी तोलल्याबद्दल दुकानदाराला शिक्षा करावी, त्यातलाच हा प्रकार होता.

स्पीडोमीटरचा उपयोग पोलिसांनीही केला. संशयित गाडीच्या मागे समान अंतर राखून पोलिसांची गाडी चालवावयाची आणि आपल्याच गाडीचा काटा वाचावयाचा, ही पद्धत रूढ झाली. १९५० च्या निकोलस विरुद्ध पेनी खटल्यात प्रश्न असा होता की, एका अधिकाऱ्याची साक्ष आणि त्याच्या गाडीतील स्पीडोमीटरचे वाचन, एवढा पुरावा पुरेसा आहे काय? त्या स्पीडोमीटरची अचूकता तपासल्याचा स्वतंत्र पुरावा नव्हता. तरीही न्यायालयाने हा पुरावा प्रथमदर्शनी पुरेसा मानला. १९०३ चा कायदा एका साक्षीदाराच्या मताला पुरेसे मानीत नव्हता. येथे त्याच्या जोडीला दुसरा 'साक्षीदार' उभा राहिला, तो म्हणजे यंत्र. आणि त्याची उलटतपासणी झाल्याखेरीजही त्याची साक्ष ग्राह्य धरली गेली.

एकाच दिशेने चुकणारे यंत्र

स्पीडोमीटर वस्तुतः रस्त्यावरील वेग मोजीत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि चाकाचा परीघ ठरलेला आहे असे गृहीत धरून वेग दाखवितो. हे गृहीतक नेहमीच खरे नसते. नव्या टायरच्या नक्षीची खोली सुमारे ८ मिलिमीटर असते आणि ती झिजून १.६ मिलिमीटरवर आली, तर चाकाची त्रिज्या ६.४ मिलिमीटरने घटते. त्रिज्या ३०० मिलिमीटर धरल्यास हा फरक सुमारे दोन टक्के होतो. चाक लहान झाल्याने तेवढ्याच अंतरात ते अधिक फेरे घेते व काटा खऱ्यापेक्षा अधिक वेग दाखवितो. उलट, मालकाने हौसेने मूळ मापापेक्षा मोठे चाक बसविले तर काटा कमी वेग दाखवितो आणि चालक नकळत मर्यादा ओलांडतो. हवेचा दाब आणि गाडीवरील भार यांचाही थोडाफार परिणाम होतो.

ही अनिश्चितता पूर्णपणे टाळता येत नाही, म्हणून तिची दिशा ठरविण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या ३९ व्या विनियमानुसार स्पीडोमीटरने दाखविलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये; आणि तो जास्त असल्यास खऱ्या वेगाच्या एक-दशांशात ताशी ४ किलोमीटर मिळवून येणाऱ्या आकड्याहून अधिक असू नये. खरा वेग ताशी ५० किलोमीटर असेल तर काटा ५० ते ५९ च्या दरम्यान, आणि ८० असेल तर ८० ते ९२ च्या दरम्यान असावयास हवा. बहुतेक मोटारींचा काटा खऱ्यापेक्षा थोडा पुढे असतो, त्याचे कारण हे आहे. ती कारागिरीतील उणीव नसून जाणीवपूर्वक ठेवलेले झुकते माप आहे. जो चालक काट्यावर विश्वास ठेवून मर्यादेत राहतो, त्याला यंत्राच्या चुकीची शिक्षा होऊ नये, हा त्यामागील हेतू होय.

रडार आणि झाडाचा वेग

दुसऱ्या महायुद्धात विकसित झालेले रडार तंत्र १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात वाहनांच्या वेगमापनासाठी वापरले जाऊ लागले. त्याचा आधार डॉप्लर परिणाम हा आहे. वाहनावर आदळून परतणाऱ्या लहरींची वारंवारता वाहनाच्या वेगाच्या प्रमाणात बदलते. २४.१२५ गिगाहर्ट्झ वारंवारतेच्या उपकरणात ताशी १ किलोमीटर वेगामागे सुमारे ४४.७ हर्ट्झ एवढा फरक पडतो. ताशी ५० किलोमीटरला तो २,२३५ हर्ट्झच्या आसपास असतो. एवढा फरक इलेक्ट्रॉनिक साधनांनी सहज मोजता येतो, त्यामुळे तत्त्वतः ही पद्धत अतिशय अचूक आहे.

अडचण तत्त्वात नसून वापरात आहे. रडारची शलाका रस्त्याशी कोन करीत असेल तर मोजलेला वेग खऱ्या वेगाला त्या कोनाच्या कोज्येने गुणल्याइतका भरतो. कोन २० अंशांचा असेल आणि त्याची भरपाई केली नसेल, तर ताशी १०० किलोमीटरचा वेग ९४ दिसतो. ही चूक चालकाच्या फायद्याची आहे. स्थिर कॅमेऱ्यात या कोनाची भरपाई आधीच केलेली असते. पण उपकरण ठरलेल्या कोनात बसविले नसेल तर तीच भरपाई चालकाच्या विरुद्ध जाऊ शकते. शिवाय शलाका रुंद असल्याने परत आलेली लहर नेमकी कोणत्या वाहनाची, हा प्रश्नही उरतो.

१९७९ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हा प्रश्न जाहीरपणे चर्चेत आला. हातात धरावयाच्या रडारने ताडाच्या एका झाडाचा वेग ताशी ८६ मैल आणि एका घराचा वेग ताशी २८ मैल दाखविल्याचे दूरचित्रवाणीवर दाखविले गेले. त्यानंतर डेड काउंटीच्या न्यायालयात तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या आणि त्या काळातील उपकरणे व ती हाताळण्याची पद्धत यांवर आधारलेला पुरावा न्यायालयाने अविश्वसनीय ठरविला. डॉप्लरचे तत्त्व खोटे आहे, असा याचा अर्थ नव्हता. प्रशिक्षण, नियमित तपासणी आणि ठरावीक कार्यपद्धती यांवाचून बरोबर तत्त्वही चुकीची साक्ष देऊ शकते, एवढाच त्याचा अर्थ होता.

कॅमेरा : साक्षीदाराचा साक्षीदार

स्पीड कॅमेऱ्याच्या इतिहासात मॉरिस गात्सोनिदेस हे नाव अग्रभागी आहे. जावा बेटावर जन्मलेला हा डच मोटारपटू १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकणारा होता. वळणावर आपण किती वेग राखतो, हे नेमके समजावे म्हणून त्याने मोजमापाची साधने तयार केली. १९५८ मध्ये त्याने कंपनी स्थापन केली आणि पुढे तिचीच उपकरणे पोलिसांच्या हाती आली. अधिक वेगाने जाता यावे म्हणून शोधलेले साधन वेगाला लगाम घालण्याच्या कामी आले, हा या इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या रस्ते वाहतूक कायद्याने कॅमेऱ्याची नोंद पुरावा म्हणून स्वीकारण्याची तरतूद केली. मात्र त्यासाठी उपकरणाच्या प्रकाराला शासनाची मान्यता असणे आवश्यक होते. १९९२ मध्ये लंडनमधील ट्विकनहॅम पुलावर पहिला कॅमेरा कार्यान्वित झाला. या कॅमेऱ्यात रडार वेग मोजते आणि मर्यादा ओलांडली गेल्यास अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन छायाचित्रे घेतली जातात. रस्त्यावर ठराविक अंतरांवर पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात. पहिल्या आणि दुसऱ्या छायाचित्रांत गाडी किती रेघा पुढे गेली, हे पाहून वेग पुन्हा काढता येतो. ताशी ३० मैल वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे ६.७ मीटर पुढे जाते. त्याहून अधिक अंतर दिसल्यास वेग अधिक. रडारच्या साक्षीला येथे अंतर आणि काळ यांची स्वतंत्र साक्ष जोडलेली आहे. एका साक्षीदारावर विसंबू नये, हे १९०३ चे तत्त्व या पांढऱ्या रेघांत उतरले आहे.

१९९९ पासून वापरात आलेल्या सरासरी-वेग कॅमेऱ्यांनी तर जुनीच पद्धत नव्या रूपात आणली. दोन ठिकाणी वाहनाचा क्रमांक टिपावयाचा, मधले अंतर लागलेल्या वेळेने भागावयाचे आणि सरासरी वेग काढावयाचा. कुंपणाआडच्या दोन शिपायांचे आणि त्यांच्या स्टॉपवॉचचेच हे काम आहे. फरक एवढाच की, अंतर आता काही किलोमीटरचे असल्याने सेकंदाच्या चुकीला फारसे मोल उरत नाही. दहा किलोमीटरसाठी ताशी १०० किलोमीटर वेगाने ६ मिनिटे लागतात. त्यात एक सेकंद इकडे-तिकडे झाला तरी फरक ताशी किलोमीटरच्या एक-तृतीयांशाहून कमी पडतो. केवळ कॅमेऱ्यापुरते ब्रेक दाबून पुढे पुन्हा वेग घेण्याची सवयही येथे निरुपयोगी ठरते.

कॅमेऱ्याने दाखविले ते वाहन. चालक कोण, हा प्रश्न राहतोच. ब्रिटिश कायद्यानुसार वाहनमालकाने चालकाचे नाव कळविणे बंधनकारक आहे. ही सक्ती स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास लावणारी आहे, असा आक्षेप युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे आला. २००७ च्या ओ'हॅलोरन व फ्रान्सिस विरुद्ध ब्रिटन खटल्यात न्यायालयाने तो फेटाळला. मोटार बाळगणारा मनुष्य तिच्यासोबत येणारी जबाबदारीही स्वीकारतो, असा त्या निर्णयाचा आशय होता.

सवलत कोणासाठी?

ब्रिटनमधील पोलीसप्रमुखांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सामान्यतः मर्यादेच्या दहा टक्के अधिक ताशी २ मैल एवढा वेग ओलांडल्यावर कारवाईचा विचार होतो. म्हणजे ३० मैलांच्या मर्यादेत ३५ आणि ७० च्या मर्यादेत ७९ मैलांपासून. ही सूचना आहे, हक्क नव्हे. मर्यादा ३० असेल तर ३१ हा वेगही कायद्याने गुन्हाच असतो.

स्पीडोमीटरचे झुकते माप आणि पोलिसांची सवलत ही दोन्ही एकत्र पाहिली तर चलनाच्या भीतीविषयीचा प्रश्न बराचसा सुटतो. मूळ मापाची चाके असलेल्या आणि उपकरण ठीक असलेल्या वाहनाचा काटा मर्यादेवर ठेवणाऱ्या चालकाला दंड होण्याचा संभव अत्यल्प आहे. त्याच्या बाजूने दोन चुका आधीच जमेस धरलेल्या आहेत. प्रश्न निर्माण होतो तो हे गणित उलटे मांडणाऱ्यांच्या बाबतीत. काटा पाच-सात किलोमीटर जास्त दाखवितो, पोलीस आणखी काही सोडून देतात, तेव्हा तेवढे वर जाण्यास हरकत नाही, असा हिशेब उपग्रहाधारित वेग दाखविणारे मोबाइल हाती आल्यावर अधिकच सोपा झाला. परंतु ही जागा यंत्राच्या चुकीसाठी राखून ठेवलेली आहे, चालकाच्या घाईसाठी नव्हे. ती वापरून टाकणारा चालक प्रत्यक्षात यंत्राच्या चुकीपासूनचे आपले संरक्षण स्वतःच खर्च करतो.

या काही किलोमीटरना एवढे महत्त्व का, याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० ऐवजी ६० किलोमीटर वेग झाला तर वेग २० टक्क्यांनी वाढतो, पण धडकेची ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेगातील १ टक्का वाढीमुळे प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो.

कॅमेऱ्यांच्या उपयोगाविषयीही मोजमापाचा हाच कठोरपणा ठेवणे आवश्यक आहे. ब्रिटनमधील २००५ च्या चार वर्षांच्या मूल्यमापन अहवालात कॅमेऱ्यांच्या ठिकाणी मृत व गंभीर जखमींची संख्या ४२ टक्क्यांनी घटल्याचे नमूद होते. मात्र जेथे अपघात एकाएकी वाढतात तेथेच कॅमेरे बसविले जातात आणि अशी वाढ पुढील काळात आपोआपही काही प्रमाणात ओसरते. या सांख्यिकीय परिणामाची चर्चा त्याच अहवालात होती. म्हणजे घट खरी असली तरी तिचे सगळे श्रेय कॅमेऱ्याला देता येत नाही. २०१० मध्ये कॉक्रेन संस्थेने ३५ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात कॅमेऱ्यांच्या परिसरात एकूण अपघातांत ८ ते ४९ टक्के घट आढळली. आकड्यांत तफावत असली तरी दिशा सर्वत्र एकच होती.

भारतीय कायद्यातील प्रतिबिंब

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८३ च्या तिसऱ्या पोटकलमात एका साक्षीदाराच्या केवळ मतावर दोषसिद्धी होऊ नये, असे म्हटले आहे. तेथे त्यास एक अपवाद जोडला आहे. ते मत एखाद्या यांत्रिक साधनाच्या साहाय्याने केलेल्या अंदाजावर आधारलेले असल्याचे दाखविले, तर दोषसिद्धी होऊ शकते. कुंपणाआडच्या शिपायाविषयीचा ब्रिटिश अविश्वास आणि यंत्राविषयीचा विश्वास, अशी दोन्ही सूत्रे या एका वाक्यात एकत्र आली आहेत.

२०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६-अ समाविष्ट करून इलेक्ट्रॉनिक देखरेखीला कायद्याचा आधार दिला आणि हलक्या वाहनांसाठी अतिवेगाचा दंड एक ते दोन हजार रुपये केला. ऑगस्ट २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियम १६७-अ मध्ये उपकरणाला राज्याच्या नियुक्त प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र असावे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेरा असलेल्या ठिकाणी सूचनाफलक असावेत आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी, अशा अटी घालण्यात आल्या. त्या अधिसूचनेत १३२ शहरांची यादी होती. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ मध्ये स्वयंचलित वाहतूक व्यवस्थापन प्रणाली सुरू झाली आणि महाराष्ट्रातील सर्वसामान्य मोटारचालकाला या यंत्रसाक्षीचा रोजचा परिचय होऊ लागला.

या प्रवासातील सर्वांत अर्थपूर्ण पाऊल मात्र वाहतूक खात्याने नव्हे, तर ग्राहक व्यवहार खात्याने टाकले. वैध मापनशास्त्र (सामान्य) नियम, २०११ खाली वाहनांचा वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांसाठी २०२५ मध्ये नियम अधिसूचित झाले आणि १ जुलै २०२५ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरली. अशा उपकरणांची पडताळणी व मुद्रांकन व्हावे, हा त्यांचा गाभा आहे. वाण्याच्या तराजूला आणि पेट्रोल पंपाच्या मापाला जी कसोटी लावली जाते, तीच शासनाच्या स्वतःच्या मापाला लावण्याचे तत्त्व यामुळे मान्य झाले. ग्राहकाला मापात मारणे जसा अन्याय आहे, तसाच न तपासलेल्या यंत्राच्या आधारे नागरिकाला दंड करणे हाही अन्यायच होय.

याची दुसरी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्तींचा मृत्यू झाला आणि त्यांपैकी ७१.२ टक्के मृत्यू अतिवेगाशी निगडित असल्याची नोंद आहे. ही नोंद पोलिसांच्या अपघात अहवालांवरून तयार होते. अपघातापूर्वीचा वेग प्रत्येक वेळी यंत्राने मोजलेला असतोच असे नाही. १८९६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या चौकशीत जो प्रश्न अनुत्तरित राहिला, तो आजही अनेक चौकशांत तसाच राहतो. त्यामुळे अचूक वेगमापनाची गरज दंड भरणाऱ्या चालकाला जितकी आहे, तितकीच किंवा त्याहून अधिक ती रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याला आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. पहिली, वेगमापक यंत्रे ही शिक्षा वाढविण्याच्या इच्छेतून जितकी आली, तितकीच ती एका माणसाच्या अंदाजावर कोणास दोषी ठरवू नये, या न्यायतत्त्वातून आली. दुसरी, प्रत्येक नव्या यंत्राने जुनी चूक दूर केली, पण स्वतःची नवी चूक सोबत आणली. म्हणून यंत्राच्या साक्षीला दुसऱ्या स्वतंत्र साक्षीची जोड आणि नियमित तपासणी यांची गरज कायम राहिली. तिसरी, स्पीडोमीटरचे झुकते माप आणि पोलिसांची सवलत ही यंत्राच्या अपूर्णतेची प्रामाणिक कबुली आहे. तिच्याकडे अधिक वेगाचा परवाना म्हणून पाहणे चुकीचे आहे.

मर्यादा पाळण्याची अपेक्षा नागरिकाकडून करताना आपले माप खरे आहे, हे दाखविण्याची जबाबदारी शासनावर येते. आणि माप खरे आहे, हे सिद्ध झाल्यावर ते मानण्याची जबाबदारी नागरिकावर येते. शंभराहून अधिक वर्षांच्या या इतिहासात पहिली जबाबदारी दीर्घकाळ उपेक्षित राहिली. ती कायद्याने मान्य झाल्यावर दुसरी टाळण्यास फारशी सबब उरत नाही.